मागचा तुटला की दिंडी तुटली

(दिंडीच्या शतकमहोत्सवी वर्षात, वारीला निघण्याआधी गावच्या विठ्ठल मंदिरात भरलेल्या बैठकीतलं भाषण. बोललो तसंच उतरवून घेतलं आहे.)



मी चौथी शिकलेला माणूस. पुस्तकातलं फार सांगता यायचं नाही. शेतात राबलो, चार अभंग पाठ केले, लोकांनी कीर्तनाला उभं केलं. आज मला सांगितलंय की फौजी माणसाच्या जगण्यातून वारकऱ्यानं काय घ्यावं ते बोला. विषय ऐकून काही जणांना नवल वाटलं. म्हणाले, बुवा, टाळ-मृदंगात बंदूक कुठून आली?

तर माऊली, बंदूक आली नाही, पण फौज आलेली आहे, आणि ती आपल्या वारीच्या पायातच आहे. हैबतबाबा आरफळकर कोण होते? आपल्या सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी ते सरदार होते. घोडा, तंबू, कूच, मुक्काम यात त्यांचं आयुष्य गेलं. ते सोडून आळंदीला आले आणि माऊलींच्या पायाशी बसले. १८३२ च्या सुमाराला त्यांनी माऊलींच्या पालखीचा सोहळा वेगळा उभा केला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिला, लवाजमा दिला. आजबी अंकलीहूनच घोडे येतात. एकावर स्वार असतो, आणि दुसऱ्याच्या पाठीवर कुणी बसत नाही, ती जागा माऊलींची.

आता वारीत काय काय घडतं ते आठवा. पहाटे पहिला कर्णा वाजतो, तंबू आवरायला लागतात. दुसरा वाजला की दिंडीनं आपापल्या जागेवर यायचं. तिसरा वाजला की पालखी हलली. कोण कुणाची वाट बघत नाही. रथाच्या पुढं कोणती दिंडी, मागं कोणती, तिचा नंबर कितवा, हे ठरलेलं. लाखो माणूस चालतं आणि कोण कुणाच्या पायात येत नाही. ही कुणाची शिकवण? फौजेतल्या माणसाची. पण हैबतबाबांनी फौजेतली शिस्त तेवढी आणली, फौजेतला हुकूम तिथंच ठेवून आले. फौजेत शिपाई साहेबाला सलाम ठोकतो. इथं विणेकरी पोराच्या पाया पडतो आणि पोर विणेकऱ्याच्या. आणि स्वतः हैबतबाबा कुठं आहेत बगा. आळंदीला महाद्वारात पहिल्या पायरीशी त्यांची जागा आहे. एवढा सरदार, पण पायरी मागितली. पुढारी कसा असावा हे कुणी विचारलं तर मी त्या पायरीकडं बोट करतो.

तुकोबारायांनी तर पाईकाचे अभंग लिहिले. पाईक म्हणजे पायदळातला शिपाई. धन्यासाठी जिवाची पर्वा न करणारा. ते अभंग तुम्हाला पाठ आहेत, गाथा घरोघर आहे, म्हणून मी ते इथं म्हणत नाही. पण एवढं ध्यानात घ्या, देहूच्या वाण्याला विठ्ठलाचा भक्त कसा असावा हे सांगायला शिपाई आठवला.

आता घरचं सांगतो. आमचे थोरले चुलते, सारं गाव त्यांना आण्णा म्हणायचं. म्हाताऱ्या मंडळींनी त्यांना बघितलेलं आहे. ते खडकीच्या सफरमैना पलटणीत होते, बाँबे सॅपर्स म्हणतात ती. पेन्शन घेऊन गावी आले आणि दुसऱ्याच वर्षी दिंडीला आले. भजन त्यांना येत नव्हतं. टाळ हातात दिला तर तालाच्या आधी वाजायचा. सगळे हसायचे, तेबी हसायचे. मग त्यांनी मुक्काम सांभाळायचं काम घेतलं, आणि पुढं कितीतरी वर्षं तेच केलं.

ही सफरमैना पलटण काय काम करते? फौज पुढं जायची असली की आधी हे जातात. पूल बांधायचा, रस्ता करायचा, वाटेतले सुरुंग काढायचे. लढणारा मागून येतो, वाट करणारा पुढं असतो. आण्णा त्यांच्या पलटणीतल्या एका माणसाचं नाव कायम घ्यायचे. राम राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडिये गावचे. १९४८ च्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. काश्मीरात नौशेराहून राजौरीकडं आपली फौज निघाली होती. राजौरीत लोक अडकलेले, एकेक दिवस मोलाचा. रस्त्यावर सुरुंग पेरलेले, झाडं तोडून आडवी टाकलेली, वरनं डोंगरातून मारा चाललेला. सुरुवातीलाच राणे जखमी झाले, बरोबरची काही माणसं गेली. त्यांना मागं जा म्हणलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. ते गेले नाहीत. रणगाड्याच्या खाली शिरले, रणगाडा चालेल तसे खालनं सरपटत राहिले, आणि दोरीनं वरच्या चालवणाऱ्याला खूण करत वाट दाखवली. तहानभूक, झोप बाजूला ठेवून चार दिवस रस्ता मोकळा करत गेले. फौज राजौरीला पोचली, लोक वाचले. सरकारनं त्यांना परमवीर चक्र दिलं, आणि तेबी जिवंतपणी.

आण्णा ही गोष्ट सांगून विचारायचे, "राणेसाहेबांनी किती माणसं मारली रं?" आम्ही गप्प. मग तेच म्हणायचे, "त्यांचं मोठेपण मारण्यात न्हाई. मागनं येणाऱ्याच्या पायाखाली काय हाय, ते आधी आपल्या हातानं चाचपलं, त्यात हाय."

माऊली, दिंडीचा चालक कोण? ज्याचा फोटो मोठा तो नव्हे, आणि ज्याच्या हारात फुलं जास्त तोबी नव्हे. मागनं येणाऱ्या म्हातारीच्या पायाखाली काय आहे ते जो आधी बघतो, तो चालक.

डेहराडूनला फौजेतले अधिकारी घडवायची शाळा आहे. १९३२ साली सुरू झाली. तिथं सभागृहात एक वचन कोरलेलं आहे. आण्णांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्यांच्या साहेबानं त्याचा अर्थ सांगितलेला, तो त्यांना पाठ होता. देशाचं भलं आणि देशाची अब्रू पहिली, नेहमी. तुझ्या हाताखालच्या माणसांची सोय त्याच्या नंतर. आणि तुझी स्वतःची सोय सगळ्यात शेवटी, नेहमी. आण्णा ते नुसतं सांगत नव्हते. पंगत बसली की ते हातात वाढप घेऊन उभे. शेवटची पंगत उठल्यावर पातेल्यात काय उरेल ते खायचे. एकदा लोणंदच्या मुक्कामाला पावसानं बायकांच्या तंबूत पाणी शिरलं. आण्णांनी काही न बोलता पुरुषांचा तंबू उठवला, बायकांना त्यात घातलं, आणि स्वतः ट्रकच्या खाली पोतं अंथरून निजले. काही पुरुष कुरकुरले. पण पुढारीच ट्रकखाली निजलाय म्हणल्यावर कुरकुर कुणापुढं करायची?

आता दयेचं बोलू. दया म्हणलं की आपल्याला वाटतं डोळ्यात पाणी आलं म्हणजे झालं. फौजी माणसाची दया तशी नसते, तिला हिशेब असतो. शिवाजी महाराजांनी चिपळूणकडं छावणी असताना आपल्या अंमलदारांना एक पत्र लिहिलेलं आहे. साडेतीनशे वर्षं झाली त्याला. त्याचा भाव मी माझ्या भाषेत सांगतो. महाराज सांगतात, दाणा-वैरण पावसाळाभर पुरवून घाला, आत्ताच उधळलीत तर पुढं घोडी उपाशी मरतील. मग तुमचे लोक कुणब्याच्या घरी जाऊन कुणी दाणे आणील, कुणी भाकरी, कुणी गवत, कुणी लाकूडफाटा. मग रयत म्हणेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. आणि आगीची काळजी तर किती! रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल. राज्य चालवणारा माणूस उंदराचा विचार करतोय बगा. शेतकऱ्याची गंजी जळू नये म्हणून.

आपण शेतकरी. आपल्याला हे लगेच कळतं. आषाढात आपली दिंडी ज्याच्या रानात उतरते, त्यानंबी पेरणीचं बघायचं असतं. आण्णांचा नियम होता, मुक्काम हलला की सगळ्यात शेवटी ते निघणार. चूल विझली का, पाणी ओतलं का, खड्डा बुजला का, बांधावरची काडी जागेवर आहे का, सगळं बघणार. मग त्या रानाच्या मालकाला हात जोडून म्हणायचे, "मालक, रान आलं तसं परत घ्या." ज्यांच्या रानात आण्णांनी तंबू टाकला, त्यांच्या घरची आता तिसरी पिढी आपल्याला जागा देते. जागेचं भाडं दुप्पट देणाऱ्या दिंड्या येऊन गेल्या, त्यांनी आपली जागा मोडली नाही. ही आण्णांची कमाई आपण खातोय.

आता मी मुद्द्यावर येतो. हे सगळं मी कशासाठी बोलतोय ते तुम्हाला ठाऊक आहे.

यंदा शंभरावं वर्ष. माणूस वाढणार. आणि मागच्या बैठकीत असं ठरत आलंय की सत्तरीच्या पुढच्यांना यंदापासून घ्यायचं नाही. त्यांनी गाडीनं दशमीला परस्पर पंढरीला यावं. पोरांनी हे मांडलं, आणि मी त्यांना दोष देणार नाही. मागच्या वर्षी दिवे घाटात आपल्या एका आजीला घेरी आली. दोन पोरं तिला घेऊन दवाखान्यात गेली, रात्रभर बसली. सासवडचा मुक्काम, कीर्तन, जेवण सगळं त्यांचं चुकलं. वर आजीच्या घरच्यांचा फोन आला, तो आभाराचा नव्हता, उलट पोरांनाच बोलले. त्या पोरांच्या मनाला लागलं. लागणारच. जबाबदारी घ्यायची आणि वर बोलणी खायची, हे कुणाला आवडेल?

पण पोरांनो, आण्णांचं एक म्हणणं तुम्हाला सांगतो. ते म्हणायचे, "तुकडी किती चालली ते पुढच्याला बगून मोजत न्हाईत. शेवटचा पोचला की मग तुकडी पोचली." फौजेत कुणी जखमी झाला तर त्याला टाकून जात नाहीत. जीव गेला तरी देह आणायला जातात, त्यासाठी दुसऱ्याचा जीव धोक्यात घालतात. हिशेबानं बघितलं तर हा वेडेपणा. पण प्रत्येक शिपायाला ठाऊक असतं की मी पडलो तर मला टाकून जाणार नाहीत. म्हणून तो पुढं जातो. आज ज्या म्हाताऱ्यांना आपण गाडीनं या म्हणतोय, ते ऐकणारा चाळीस वर्षांचा टाळकरी मनात काय धरेल? त्याला कळेल की आपल्यालाबी तीस वर्षांनी हीच चिठ्ठी येणार. मग त्याची दिंडी आतापासूनच सुटायला लागली.

आणि ही म्हातारी माणसं आहेत कोण? ट्रक नव्हता तेव्हा बैलगाडीत शिधा घालून ज्यांनी दिंडी चालवली ती. त्यांनी पावसात ओल्या लाकडावर भाकरी थापल्या. दुष्काळात दिंडी बंद ठेवायचं चाललं होतं, तेव्हा यातल्याच एका माऊलीनं गळ्यातली पोत गहाण टाकून शिधा भरला. तिचं नाव घ्यायला तिनं मला मना केलंय, म्हणून घेत नाही. ती या मंडपात खांबाला टेकून बसलेली आहे. तिला आपण काय सांगणार, आजी, तुम्ही दशमीला यष्टीनं या?

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं गेली. गावात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. शंभर वर्षं होऊन गेली, अजून तिथली पोरं भरतीला जाताना त्या स्तंभापुढनं जातात. गेलेल्याची आठवण ठेवली की येणाऱ्याला बळ येतं, हे त्या गावानं ओळखलं. आपण या स्मरणिकेत अध्यक्षांचे फोटो छापतोय, विणेकऱ्यांचे छापतोय, देणगीदारांची यादी छापतोय. छापा. पण शंभर वर्षं ज्यांनी भाकरी थापल्या त्यांची यादी कुठं आहे? पखाल वाहणाऱ्याची कुठं आहे? माझी मागणी आहे की संपादक मंडळानं दोन पानं त्यांच्यासाठी ठेवावीत. जेवढी नावं आठवतील तेवढी घ्यावीत. घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना विचारावं. ज्यांची नावं सापडणार नाहीत त्यांच्यासाठी शेवटी एक ओळ कोरी सोडावी.

आता नुसतं दया करा म्हणून मी खाली बसलो, तर पोरांवर अन्याय होईल. दयेला हिशेब असतो म्हणलो, तर तो हिशेब मांडतो. आण्णा जे करायचे तेच आहे, माझं काही नाही.

पहिलं, सत्तरीच्या पुढचं जे येणार, त्यांनी निघण्याआधी डॉक्टरला दाखवायचं. डॉक्टर नको म्हणाले तर नको. तिथं हट्ट नाही, मायेपोटीच नाही.

दुसरं, घरच्यांनी दिंडीच्या वहीत सही करायची, की आमच्या माणसाला आम्ही आमच्या मर्जीनं पाठवतोय. आणि घरातला एक फोन चोवीस तास चालू ठेवायचा. पोरांना बोलायचं नाही. ज्याला बोलायचं आहे त्यानं स्वतः चालायला यावं.

तिसरं, जोडी. एका म्हाताऱ्या माणसामागं दोन तरणी. नावानिशी ठरवायची. गळ्यात एक पिशवी, तिच्यात नाव, गाव, फोन आणि औषधाची चिठ्ठी.

चौथं, मोजणी. सकाळी निघताना, दुपारच्या विसाव्याला, रात्री निजताना. आण्णा तीनदा मोजायचे. एक माणूस कमी भरलं तर जेवत नव्हते. समाजआरतीला चोपदारानं दंड वर केला की सगळी वारी गप्प होते. मग हरवलं-सापडलं पुकारतात, आणि ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते, मग चोपदार तिथं जाऊन विचारतात. लाखाच्या मेळ्यात एकाची तक्रार ऐकायला सगळे थांबतात. आपली तर एकच दिंडी. आपल्याला थांबायला काय झालं?

पाचवं, दिवे घाट आणि ज्या दिवशी लांबची चाल असेल तो दिवस, म्हाताऱ्यांनी ट्रकमध्ये बसायचं. आज्यांनो, आजोबांनो, हे तुम्हाला सांगतोय. इथं तुम्ही ऐकायचं. "मी एक पाऊलबी गाडीत बसणार न्हाई" हा नेम घरी ठेवून यायचा. पोरं तुमच्यासाठी थांबणार असतील, तर तुम्हीबी पोरांसाठी बसलं पाहिजे. माऊली स्वतः रथात बसून घाट चढतात. बैलं ओढतात त्यांना. मग तुम्हाला ट्रकात बसायला कसली लाज?

आणि सहावं. मागच्या वर्षी दवाखान्यात रात्र काढलेली ती दोन पोरं इथं आहेत. त्या रात्रीचं कीर्तन त्यांचं चुकलं असं कुणी म्हणू नये. कीर्तनात आम्ही जे सांगतो ते त्यांनी त्या रात्री केलं. त्यांचे आभार त्या घरानं मानले नाहीत, तर आता या दिंडीनं मानायचे. उठा रं पोरांनो. लाजू नका, उभं राहा. विणेकरी महाराज, तुमच्या हातानं यांच्या गळ्यात माळ घाला.

(इथं माळ घातली गेली. मंडळींनी टाळ वाजवले.)

झालं. आता शेवटचं. फौजेत निवृत्त होणारा माणूस आपलं सामान जमा करतो. बूट, पट्टा, पांघरूण, एकेक वस्तू मोजून परत द्यायची. आण्णा म्हणायचे, त्या दिवशी कळतं की आपलं काहीच नव्हतं, सगळं वापरायला दिलेलं होतं. आपली दिंडीबी तशीच आहे. ही वीणा आपल्या बापाची नाही. मागच्यांनी शंभर वर्षं सांभाळली आणि आपल्या हातात दिली. आपण पुढच्यांच्या हातात द्यायची आहे. देताना ती जशी घेतली तशी द्यायची, एकबी तार तुटलेली नको.

निर्णय तुमचा आहे. मी दिंडीचा चालक नाही, पंच नाही. पण सत्तरीला मलाबी फार वर्षं राहिली नाहीत, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो, मी घाटात ट्रकात बसणार आहे. ज्यांना वाटतं की म्हाताऱ्यांना घेऊन जावं, त्यांनी हात वर करण्याची गरज नाही. बाहेर मारुतीच्या पारावर वही ठेवली आहे. कुणा म्हाताऱ्या माणसाच्या नावापुढं आपलं नाव जोडीला लिहायचं, एवढंच करा. जेवढ्या जोड्या भरतील तेवढे म्हातारे येतील. वहीच निर्णय देईल.

बोलण्यात कमी-जास्त गेलं असेल तर लेकरू समजून पोटात घाला.

पुंडलिक वरदा हारी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!

(संपादक मंडळाची नोंद: त्या संध्याकाळी सत्तरीच्या पुढच्या सगळ्या माऊलींच्या नावापुढे जोड्या भरल्या. भाकरी थापणाऱ्या व पाणी वाहणाऱ्या माऊलींची नावे या अंकाच्या शेवटच्या दोन पानांवर दिली आहेत. शेवटची ओळ कोरी ठेवली आहे.)